रानातला ससा आणि ताटातला तुकडा

गेल्या थंडीतली गोष्ट. संध्याकाळचे सात वाजले असतील. मी भाकऱ्या थापत होते. दारात मोटारसायकल थांबली आणि आमचे धाकटे भावजी आत आले. हातात कापडी पिशवी. ती त्यांनी ओट्यावर ठेवली आणि मोठ्या कौतुकानं म्हणाले, "वहिनी, बघा काय आणलंय! ससा आहे, रानातला. ऊसतोड चाललीय ना, फडात सापडला. सूनबाईला रस्सा करून घाला. आठ दिवसांत रक्त वाढतंय का नाही बघा!"

माझी सून तेव्हा सातव्या महिन्यात होती. दोनच दिवसांपूर्वी रक्ताचा रिपोर्ट आला होता. हिमोग्लोबिन ८.४. गरोदर बाईचं ते ११ च्या खाली जाऊ नये असं म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि बजावून सांगितलं, "हिच्या पोटात प्रोटीन जात नाहीये. जेवण सुधारा." झालं! ही बातमी गल्लीत पोचायला कितीसा वेळ लागतो? शेजारच्या काकू म्हणाल्या, कडकनाथ कोंबडी घाला. माझी जाऊ म्हणाली, बटेरची अंडी द्या, एक अंडं म्हणजे कोंबडीच्या पाच अंड्यांची ताकद. कुणी टर्कीचं नाव काढलं, कुणी तितराचं. आणि आता हा ससा.

मी म्हटलं, "भावजी, ती पिशवी आधी उचला बघू."

"अहो, का? आबांनी नाही का तुमच्या वेळी तितर आणले होते? तुम्ही खाल्लेच की!"

त्यावर मी काहीच बोलले नाही. त्या तितरांचं पुढे सांगते. भावजी पिशवी घेऊन तरातरा निघून गेले, आणि आठ दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत. सून बिचारी स्वयंपाकघराच्या दारात उभी. म्हणाली, "आत्या, माझ्यामुळं उगीच भांडण झालं ना?"

तिच्यामुळं नव्हतं हो. पण माझं मात्र डोकं कामाला लागलं. हे रानातलं आणि नवलाईचं मांस खरंच इतकं ताकदीचं असतं का? असलं तर ते मिळतं कुठं, परवडतं का? मैत्रिणींनो, गेल्या काही महिन्यांत जे वाचलं, विचारलं, प्रत्यक्ष पाहिलं, ते आज तुमच्यापुढं मांडतेय.

आधी कायद्याचं

ससा, तितर, रानातला लावा, हरीण, काळवीट, मोर, घोरपड यातलं काहीही मारणं हा गुन्हा आहे. नुसतं मारणंच नव्हे, तर विकणं, विकत घेणं आणि ते मांस घरात ठेवणंसुद्धा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. सुरुवातीला त्यात काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवाना मिळण्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीनं ती सोय गेली. २०२२ मध्ये पुन्हा दुरुस्ती झाली आणि दंड वाढला. आता सशासारख्या प्राण्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. काळवीट, मोर, घोरपड यांच्यासाठी तर कमीत कमी तीन वर्षं कैद. रस्सा एका संध्याकाळचा आणि कोर्टाच्या खेपा किती वर्षांच्या, याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

कायदा कशासाठी झाला हे आपल्या सोलापूरकरांना लांब जाऊन शिकायला नको. बार्शी रोडनं निघालं की नान्नज लागतं. तिथलं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. चांगला मीटरभर उंचीचा, डौलदार पक्षी. एके काळी याचीही मांसासाठी शिकार होत असे. शिकार होत गेली, माळरानं नांगराखाली गेली. आता नान्नजला गेलं तर काळविटांचे कळप दिसतात, पण माळढोक दिसणं नशिबाचा भाग.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. माझ्या लहानपणी पारधी समाजातल्या बायका तितर-लावे घेऊन दारावर यायच्या. फासे लावून पक्षी धरणं हा त्यांचा पिढीजात धंदा. इंग्रजांनी या समाजाला गुन्हेगार ठरवून सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवलं होतं. तो काळा कायदा १९५२ साली गेला. मग शिकारबंदी आली आणि पोटाचा धंदाही गेला, आणि दुसरा चटकन कुणी हातात दिला नाही. त्यामुळं आज एखादी बाई पोटासाठी दारावर पक्षी घेऊन आलीच, तर तिला हाडतूड न करता "नको गं बाई" एवढंच म्हणावं. गिऱ्हाईकच नसलं तर पक्षी कोण धरेल?

आणि मग तब्येतीचं

डॉक्टरीणबाईंना मी सशाचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "तो ससा कशानं मेला हे तुमच्या दिरांना तरी ठाऊक होतं का?" खरंच की. फडात औषधं मारलेली असतात, कुणी विषारी आमिष ठेवलेलं असतं. रानातल्या जनावराची कुणी तपासणी करत नाही. त्याच्या अंगात जंत असतील, आजार असेल, ते कळणार कसं? बंदुकीच्या छऱ्यानं मारलेलं असेल तर शिशाचे बारीक कण मांसात राहतात, आणि शिसं पोटातल्या बाळाच्या मेंदूला घातक.

मग परदेशात लोक हरणाचं मांस खातात ते कसं? न्यूझीलंडमध्ये हरणं पाळतात, जशी आपण शेळ्या पाळतो. ऑस्ट्रेलियात कांगारू मारायला सरकार दरवर्षी आकडा ठरवून देतं, आणि मांस तपासूनच बाजारात येतं. या मांसाचं कौतुक का, तर त्यात चरबी फार कमी आणि प्रोटीन शंभर ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास. आता आपल्याकडचं बघा. बिनहाडाच्या कोंबडीत वीस-बावीस ग्रॅम, शेळीच्या मटणात वीसच्या आसपास. आपल्या भागातली उस्मानाबादी शेळी माळावर चरणारी, चपळ. शेळीचं मटण मेंढीच्या मटणापेक्षा कमी चरबीचं असतं. म्हणजे कांगारूनं जे करायचं ते आपली शेळी करतेच आहे!

बटेर, कडकनाथ आणि इमू

पण पाळलेले पक्षी आणून खाल्ले तर? तो गुन्हा नाही. मोहोळ तालुक्यात एका ताईंनी घरामागं बटेरची शेड केलीय, ती मुद्दाम जाऊन पाहिली. ही बटेर म्हणजे जपानी लावा, रानातला नव्हे. बरेलीजवळच्या इज्जतनगरला १९७४ साली ती आपल्या देशात आणली गेली. पिल्लू पाच आठवड्यांत विक्रीला तयार, सहा-सात आठवड्यांत अंडी सुरू. जागा थोडी लागते, बाईमाणसाला झेपतं. चव छान, थोडी तितराच्या वळणाची.

आता ताकदीचं गणित. बटेरचं मांस शंभर ग्रॅमला वीस-बावीस ग्रॅम प्रोटीन देतं. म्हणजे कोंबडीइतकंच. एक पक्षी साफ केल्यावर भरतो सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, त्यातही हाडं आली. आणि अंडं? बटेरचं अंडं दहा ग्रॅमचं, त्यात प्रोटीन सव्वा ग्रॅमच्या आसपास. कोंबडीच्या एका अंड्यात सहा ग्रॅम. म्हणजे माझ्या जावेनं सांगितलं त्याच्या बरोबर उलट. कोंबडीच्या एका अंड्याची बरोबरी करायला बटेरची पाच अंडी लागतात!

कडकनाथचं तसंच. ही मध्य प्रदेशातल्या झाबुआची कोंबडी, काळ्या मांसाची. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. चरबी कमी, चव दमदार, यात शंका नाही. पण ती गावरान कोंबडीपेक्षा कितीतरी महाग. त्याच पैशात दोन-तीन गावरान कोंबड्या येतात किंवा महिनाभराची अंडी येतात. हौस म्हणून जरूर खावी. औषध म्हणून कर्ज काढून खायची गरज नाही.

आणि या नवलाईच्या मागं पैसे गुंतवताना तर दहादा विचार करा. आमच्या नात्यातल्या एका घरानं इमूच्या जोड्या घेतल्या होत्या. "मांस परदेशात जातं, तेलाला सोन्याचा भाव आहे, पक्षी आम्हीच परत घेऊ," असं पक्षी देणाऱ्यांनी सांगितलं होतं. घ्यायला कुणी आलंच नाही. वहिनीच्या पाटल्या मोडल्या त्यात. रोज खाद्य खाणारे ते उंचच उंच पक्षी शेवटी बघवत नसत. २०१२ मध्ये तामिळनाडूत पेरुंदुराईचा मोठा इमू घोटाळा बाहेर आला, तेव्हा कळलं की आपण एकटेच नव्हतो. तरी २०१९ मध्ये आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात कडकनाथच्या नावावर पुन्हा तेच झालं. पिल्लं द्यायची, अंडी-कोंबड्या चढ्या भावानं परत घेण्याचा शब्द द्यायचा, आणि मग हात वर. मोहोळच्या त्या ताईंनी मला शहाणपणाचं सांगितलं: "ताई, मी आधी गिऱ्हाईक शोधलं, मग पक्षी आणले. विकत घेण्याचं वचन पक्षी विकणाऱ्याकडून घेऊ नये."

आपल्या ताटाचा हिशेब

राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली सांगितलेलं प्रमाण असं: ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रोटीन हवं. गरोदरपणी शेवटच्या तीन महिन्यांत त्यावर आणखी २२ ग्रॅम. म्हणजे माझ्या सुनेला ६८ ग्रॅमच्या आसपास हवं होतं.

मी वही घेऊन बसले आणि आदल्या दिवशी तिनं काय खाल्लं ते तिलाच विचारलं. ज्वारीच्या दोन भाकऱ्या: बारा ग्रॅम. वाटीभर तुरीच्या डाळीची आमटी: सहा. शेंगाची चटणी दोन चमचे: पाच. वाटीभर दही: तीन. दोन वेळच्या चहातलं दूध: दोन. झाले २८! निम्मंसुद्धा नाही. आणि ही खात्यापित्या घरातली सून. आमच्या पूर्व भागात दिवसभर विड्या वळणाऱ्या बायांच्या ताटाचा हिशेब मी मनातल्या मनातच केला आणि वही मिटली.

महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, शंभरात चोपन्न. हा २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा आहे.

मग आम्ही भर काय घातली? रोज दोन अंडी: बारा ग्रॅम. मूठभर फुटाणे: सहा. मटकीची किंवा हुलग्याची उसळ: सात. रात्री ग्लासभर दूध: सहा. झाले ५९. आठवड्यातून दोनदा कोंबडी किंवा उजनीचा मासा, कटला नाहीतर चिलापी. त्या दिवशी आकडा सत्तरच्या वर जातो. आठवडी बाजारातली सुकट स्वस्त आणि प्रोटीननं भरलेली. मात्र खारट असते, तेव्हा धुऊन घ्यावी आणि ज्यांना बीपी आहे त्यांनी बेतानं. मटणाच्या दुकानात लोक नाक मुरडतात ती रक्ती आणि काळीज, यांत लोह भरपूर. गरोदर बाईनं काळीज मात्र वरचेवर खाऊ नये, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं. जेवल्या जेवल्या चहा नको, तो लोह अंगी लागू देत नाही. उसळीवर लिंबू पिळलं तर उलट मदत होते.

आता त्या तितरांचं

तर भावजी म्हणाले होते, "तुम्ही खाल्लेच की." १९८८ साल. माझा मुलगा पोटात होता. माझ्या अंगात रक्त कमी, पायाला सूज. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, दारावर आलेले चार तितर मुद्दाम माझ्यासाठी घेतले. त्यांचा हेतू चांगलाच होता हो. मी पाट्यावर मसाला वाटला, चुलीवर रस्सा केला. आधी आबा बसले, मग हे, दोघे दीर, मग मुलं, मग सासूबाई. माझी पाळी आली तेव्हा पातेल्यात रस्सा होता आणि एक मानेचं हाड. भाकरी कुस्करून खाल्ली. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. सासूबाईंनाही तेवढंच मिळत आलं होतं. घरात मात्र आजही सांगतात की थोरल्या वहिनीला तितर घातले होते.

मी तितर खाल्ले नाहीत. शिजवले.

रिपोर्टचा कागद हातात धरून मला हेच आठवलं. म्हटलं, रविवारी आमच्याकडे अर्धा किलो मटण येतंच की. मग सुनेच्या पोटात प्रोटीन जात का नाही? पुढच्या रविवारी मी मुकाट्यानं बघत बसले. सगळ्यांना वाढून झाल्यावर तिनं स्वतःला काय घेतलं? रस्सा, दोन बटाटे आणि एक नळी. तुकडे नवऱ्याला, सासऱ्याला आणि, सांगायला लाज वाटते, मला. मी रोज तिच्याबरोबरच जेवत होते आणि माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मैत्रिणींनो, घरात ससा आणा, बटेर आणा, नाहीतर सोन्याची कोंबडी आणा. ती ज्या ताटात पडायला हवी त्या ताटात पडली नाही तर काय उपयोग? रश्शात चव उतरते, झणझणीतपणा उतरतो. प्रोटीन मात्र बरंचसं तुकड्यातच राहतं.

त्या दिवसापासून एक नियम केला. सुनेचं ताट आधी वाढायचं. भांडून नव्हे, भाषण देऊन नव्हे. पातेलं उतरलं की तिच्या वाटीत चार तुकडे काढून झाकून ठेवायचे, मग बाकीच्यांना हाक मारायची. पहिल्या रविवारी मुलगा म्हणाला, "आई, आज मटण कमी आणलं का?" मी म्हटलं, "मटण तेवढंच आहे, जेवणारी माणसं बरोबर मोजलीत." त्यानं बायकोकडं बघितलं आणि गप्प बसला. पुढच्या रविवारी वाटी त्यानंच काढून ठेवली.

गोळ्या नेमानं सुरू होत्याच. नवव्या महिन्यात सून माहेरी, अक्कलकोटला निघाली, तेव्हा हिमोग्लोबिन १०.२ होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून वाढायला हवं, पण वाट बरोबर धरलीय." मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत.

सुनेसाठी केलेला अळणी रस्सा

पाव किलो गावरान कोंबडी किंवा दोन पाळीव बटेर स्वच्छ धुऊन हळद, मीठ, आलं-लसणाचं वाटण लावून अर्धा तास ठेवा. चमचाभर तेलात एक बारीक चिरलेला कांदा परता, त्यात तुकडे घालून झाकणावर पाणी ठेवून वाफवा. मग गरम पाणी घालून मऊ शिजू द्या. तिखट नाही, मसाला नाही. वरून कोथिंबीर आणि लिंबू. ज्वारीच्या भाकरीबरोबर द्या, आणि तुकड्यांसकट द्या. मांस न खाणाऱ्यांनी हुलग्याचं माडगं करावं: हुलगे भाजून दळा, दोन चमचे पीठ पाण्यात कालवा, जिरं-लसणाच्या फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडून घट्टसर होऊ द्या, मीठ घाला. थंडीत तर अमृत!

आणि भावजी? बाळाच्या बारशाच्या आधी आले. हातात पुन्हा पिशवी. मी बघितलं तसे हसत म्हणाले, "वहिनी, बटेर आहेत. दुकानातले. ही बघा पावती!" रस्सा केला. सून माहेरी होती म्हणून मी सवयीनं सगळ्यांची ताटं घ्यायला लागले, तर मुलानं माझ्या हातातला डाव घेतला आणि म्हणाला, "आई, तू बस आधी."

बसले. तुकडा चांगला शिजला होता.